मुलीचे सांधे सैल आहेत, ते आले कुणाकडून?

डिचोलीहून एका आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. मुलगी ९ वर्षांची, भरतनाट्यम शिकते. तिचा अंगठा मनगटाला टेकतो, गुडघे मागे वाकतात. नृत्याच्या बाई तिचं अंग कसं वळतं म्हणून कौतुक करतात, पण रात्री पाय दुखतात म्हणून ती रडत उठते, आणि वर्षभरात दोनदा घोटा मुरगळला. आईचेही सांधे लहानपणी असेच होते. काणकोणला दिलेल्या बहिणीचा खांदा दोनदा निखळला आहे. सासूबाई म्हणतात, "आमच्या घराण्यात असलं काही नाही, हे तुझ्या माहेरचं." आता या आईला पाचवा महिना आहे. पुढच्या बाळालाही हे होणार का, किती टक्के, आणि आत्ताच जनुकांची तपासणी करावी का?

ताई, मी फोंड्यात २८ वर्षं लहान मुलं तपासते. ज्या मुलींचे सांधे मी त्यांच्या लहानपणी पाहिले, त्या आता स्वतःची मुलं कडेवर घेऊन येतात. त्यामुळे ही गोष्ट मी एकाच घरात दोन-दोन पिढ्या पाहिली आहे. तुम्ही टक्के विचारले आहेत, त्याकडे येतेच. पण आधी सासूबाईंच्या वाक्याबद्दल बोलू, कारण तुम्हाला ते लागलेलं दिसतं.

सैल सांधे फक्त आईकडून येतात, हे खरं नाही. या सैलपणाशी जोडलेली जी जनुकं आजवर सापडली, ती जवळजवळ सगळी मुलगा-मुलगी ठरवणाऱ्या गुणसूत्रांवर नाहीत, बाकीच्या २२ जोड्यांवर आहेत. म्हणजे ती बापाकडून लेकीला, आईकडून लेकाला, बापाकडून लेकाला, कशीही उतरू शकतात. मग दोष नेहमी माहेरावर का येतो? एकाच वयाच्या बाईचे सांधे पुरुषापेक्षा सैल असतात. वयात आल्यावर मुलांचे स्नायू भरतात आणि तो सैलपणा झाकला जातो. तुमच्या यजमानांचा अंगठा दहाव्या वर्षी मनगटाला टेकत असेलही, पण तो कुणी पाहिला होता आणि पाहिला तरी कुणाच्या लक्षात राहिला?

वयाचंही तसंच. वाळपईहून एक आजोबा नातवाला घेऊन आले होते, स्वतःची पाठ धड वाकत नव्हती. "आमच्यात कुणालाच नाही," म्हणाले. लहानपणी काय काय खेळायचात विचारलं, तर म्हणाले, जत्रेत दोन्ही पाय मानेमागे अडकवून दाखवायचो, पोरं टाळ्या वाजवायची. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ना, तसं आहे हे. म्हातारपणी सांधा आखडतो, पण जनुक जसं होतं तसंच राहतं आणि पुढे जातं. म्हणून घराण्यात आहे की नाही हे आजच्या आजी-आजोबांकडे पाहून ठरत नाही, त्यांच्या लहानपणाबद्दल विचारावं लागतं.

सुंभाची गोष्ट निघालीच आहे तर ती पुरी करते, कारण आनुवंशिकतेचं अर्धं कोडं तिथेच सुटतं. सांधा जागेवर धरून ठेवणारे बंध मुख्यतः कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे असतात, आणि कोलॅजन म्हणजे अक्षरशः तीन पेडांचा पीळ दिलेला दोर. ही तीन पेडांची रचना मद्रासमध्ये जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी १९५४-५५ मध्ये मांडली. पेडातला दर तिसरा मणी ग्लायसिन या सगळ्यात छोट्या अमिनो आम्लाचा असतो, कारण पिळाच्या आतल्या बाजूला दुसरं काही मावतच नाही. जनुकातल्या चुकीने त्या जागी मोठा मणी आला की पीळ तिथे बिघडतो.

आता हिशेब बघा. आपल्याकडे प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. समजा एक चांगली आहे आणि एक चुकीची. मग शरीरात निम्मे पेड चांगले बनतील, निम्मे चुकीचे. रक्तवाहिन्यांत असतं त्या तिसऱ्या प्रकारच्या कोलॅजनमध्ये तिन्ही पेड एकाच जनुकाचे असतात. तिन्ही पेड चांगले मिळण्याची शक्यता अर्धा गुणिले अर्धा गुणिले अर्धा, म्हणजे आठातला एकच दोर धड. निम्मी प्रत बिघडली आणि सात अष्टमांश माल कच्चा निघाला! एका पालकाकडून आलेली एकच चुकीची प्रत आजार व्हायला का पुरते, त्याचं उत्तर हे आहे. पाचव्या प्रकारच्या कोलॅजनमध्ये बहुतेकदा वेगळं घडतं. चुकीची प्रत काही बनवतच नाही, त्यामुळे दोर चांगले पण संख्येने निम्मे. तिथे कातडी ताणली जाते, जखमेचे व्रण रुंद आणि कागदासारखे पातळ होतात, सांधे सैल असतात, पण रक्तवाहिनी फुटण्याची भीती तिसऱ्या प्रकारच्या कोलॅजनच्या चुकीइतकी नसते.

हे इतकं सांगितलं म्हणून घाबरू नका. तुम्ही जे लिहिलं आहे त्यावरून तुमच्या मुलीचं प्रकरण या दुर्मीळ आजारांचं वाटत नाही. बहुतेक घरांत जो सैलपणा दिसतो तो एका जनुकाचा नसतोच. उंचीसारखं आहे ते, पुष्कळ जनुकांचा थोडा थोडा वाटा. ब्रिटनमध्ये जुळ्या बहिणींवर झालेला एक अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात सैलपणातल्या फरकाचा सुमारे ७० टक्के भाग आनुवंशिक निघाला. हा आकडा लोक हमखास चुकीचा वाचतात. १०० मुलांतल्या ७० जणांना होणार, असा त्याचा अर्थ नाही. माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला एवढा वाटा जनुकांमुळे आणि बाकीचा व्यायाम, सवयी, दुखापती अशा गोष्टींमुळे, इतकाच अर्थ.

आता तुमचे टक्के. सैलपणा अनेक जनुकांचा असेल, तर पुढच्या बाळाचे सांधे शेजारच्या बाळापेक्षा सैल असण्याची शक्यता जास्त, पण नेमका आकडा कोणीही देऊ शकत नाही, आणि कुणी दिला तर विश्वास ठेवू नका. एकाच जनुकाचा, एका प्रतीने होणारा प्रकार असेल, तर प्रत्येक बाळाला निम्मी शक्यता. प्रत्येक म्हणजे खरंच प्रत्येक. "थोरलीला आलं, आता धाकटा सुटला" असं कितीतरी आया मला सांगतात, पण नाणं मागची फेक लक्षात ठेवत नाही. वारशाचा तिसरा प्रकार दोन्ही प्रती चुकीच्या असल्या तरच होतो, आईबाप दोघेही वरवर ठणठणीत असतात, आणि दर बाळंतपणात २५ टक्के शक्यता असते. हे प्रकार फार विरळ आहेत. पण आपल्याकडे काही घरांत मामाच्या मुलीशी किंवा आत्याच्या मुलाशी लग्नं झालेली असतात, तिथे ते डोकं वर काढतात, म्हणून मी हा प्रश्न प्रत्येक घरात विचारते. विचारताना लोक अवघडतात, पण त्यात कुणाला दोषी धरायचं नसतं.

एक प्रकार मात्र मधेच लोंबकळतो, आणि तुमच्या बहिणीचा खांदा ऐकून मला तो आठवला. सांधे आणि कातडी सैल करणाऱ्या आजारांच्या एका गटाला एलर्स-डॅनलॉस सिंड्रोम हे नाव एका डॅनिश आणि एका फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञावरून पडलं. २०१७ च्या वर्गीकरणात त्याचे १३ प्रकार आहेत. त्यातल्या बाकी प्रकारांमागची जनुकं ठाऊक आहेत, पण सगळ्यात जास्त आढळणारा हायपरमोबाईल प्रकार कोणत्या जनुकाने होतो ते अजून सापडलेलं नाही. घराण्यांत तो एका प्रतीच्या प्रकारासारखा उतरताना दिसतो, पण रक्ताची चाचणी नाही. सांधे, कातडी, दुखणं आणि कुटुंबाचा इतिहास बघून डॉक्टरच निदान करतात. आणि वाढत्या वयाच्या मुलांवर हा शिक्का आम्ही घाईने मारत नाही, कारण मुलं मुळातच लवचीक असतात.

लवचीकपणा मोजायची बायटन मोजणी तुम्ही घरी करू शकता. एकूण ९ गुण. करंगळी मागे ९० अंशांपलीकडे जाते का, अंगठा मनगटाच्या आतल्या बाजूला टेकतो का, कोपर सरळच्या पुढे १० अंशांहून जास्त जातो का, गुडघा तसाच मागे जातो का: हे चारही दोन्ही बाजूंचे, म्हणजे ८. गुडघे न वाकवता दोन्ही तळवे सपाट जमिनीला टेकले तर नववा. वयात न आलेल्या मुलांत ६ किंवा जास्त, पुढे पन्नाशीपर्यंत ५, आणि त्यानंतर ४ गुण आले की सैलपणा सर्वांगाचा म्हणायचा. पाच वर्षांखाली मोजूच नका, त्या वयात जवळपास सगळीच रबराची असतात.

आणि आता माझी तुम्हाला खरी विनंती. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, महिन्यावर आली आहे. मूळ घरी सगळे जमतील, गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधून झाल्यावर दुपारी निवांत वेळ असतोच. तेव्हा एक मोठा कागद घ्या आणि दोन्हीकडची वंशावळ काढा, सासरचीही आणि माहेरचीही. देवळातल्या पुजाऱ्यासारखी फक्त पुरुषांची नावं लिहू नका, लग्न होऊन गेलेल्या आत्या आणि मावश्याही हव्यात. पुरुषासाठी चौकोन, बाईसाठी गोल, ज्यांचे सांधे सैल त्यांच्यावर खूण. गल्फमध्ये किंवा बोटीवर आहेत त्यांना व्हिडिओ कॉलवर अंगठा वाकवायला सांगा. मुलांना हा खेळ फार आवडतो. सासूबाईंना शेजारी बसवा, जुन्या गोष्टी त्यांनाच माहीत असतात, आणि कागदावर त्यांच्या स्वतःच्या भावाचा चौकोन रंगवला गेला की "तुझ्या माहेरचं" हे वाक्य कुणाला काही न बोलता मावळतं. माझ्याकडच्या घरांत हे दोनदा तरी घडलं आहे.

त्या कागदावर सांध्यांपेक्षा मला दुसऱ्याच गोष्टी जास्त हव्या आहेत. तिशी-चाळिशीत कुणी अचानक गेलं का? आपल्याकडे अशा प्रत्येक मृत्यूवर "हार्ट अटॅक" लिहून मोकळं होतात, पण जो जवान काका पाठीत कळ आली म्हणाला आणि तासाभरात गेला, त्याची महाधमनी फाटलेली असू शकते. कुणाच्या डोळ्याचं भिंग सरकलं होतं का? कुणी घरातल्या सगळ्यांपेक्षा फारच उंच, हात गुडघ्याकडे पोचतील इतके लांब, छाती आत गेलेली किंवा पुढे आलेली, असं आहे का? बाळंतपणात गर्भाशय फाटून किंवा रक्तस्रावाने कुणी गेली का? विनाकारण मोठाले काळेनिळे डाग, छातीवर पातळ कातडीखाली शिरा दिसणं? शेवटच्या दोन प्रश्नांकडे नीट लक्ष द्या. रक्तवाहिन्यांचा जो एलर्स-डॅनलॉस प्रकार आहे, त्यात पुष्कळदा फक्त बोटांचे छोटे सांधे सैल असतात. बायटनचे गुण कमी येतात आणि लोक निर्धास्त होतात. सगळ्यात धोक्याचा प्रकार सांध्यांत सगळ्यात कमी दिसतो, हे मला शिकायला वर्षं लागली.

उंच अंगलटीच्या आजाराचं नाव मार्फान. त्याचं जनुक १५ व्या गुणसूत्रावर आहे आणि ते १९९१ मध्ये सापडलं. मार्फान झालेल्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश लोकांत चूक नव्याने झालेली असते, आईबापांत ती नसते. रक्तवाहिन्यांच्या प्रकारात नव्या चुकांचं प्रमाण जवळजवळ निम्मं. म्हणजे वंशावळ कोरी निघाली तरी मुलाच्या अंगावर खुणा असतील तर त्याच मोठ्या मानायच्या.

तर तपासणी करायची का? वंशावळीत वरचं काहीच नसेल आणि मुलीच्या कातडीवर, डोळ्यांत, छातीत काही नसेल, तर माझं उत्तर स्पष्ट नाही. ज्या प्रकाराचं जनुकच माहीत नाही ते शोधायला हजारो रुपये घालवायचे, आणि हातात काय येतं? बऱ्याचदा "अर्थ अनिश्चित" असा शेरा असलेला एखादा बदल. त्या एका ओळीने घरातली झोप उडालेली मी पाहिली आहे. गर्भजल तपासणीचा तर प्रश्नच येत नाही. पण कागदावर एक जरी खूण निघाली, तर चवथीनंतरही थांबू नका. आधी हृदयाचा इको आणि डोळ्यांची तपासणी, इको बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, होतो. मग आनुवंशिकतज्ज्ञ, आणि रक्त प्रथम त्याचं, ज्याच्यात लक्षणं सगळ्यात ठळक आहेत. मुलीचं नव्हे, पोटातल्या बाळाचं तर नव्हेच. त्या माणसात चूक सापडली, तर बाकीच्यांना फक्त तेवढंच बघायला लागतं. आणि हे सगळं तुमच्या प्रसूतीच्या डॉक्टरांना आधी कळायला हवं. काही खूण निघाली नाही तरी त्यांना तुमचे सांधे सैल आहेत एवढं सांगाच. अशा बायकांना गरोदरपणात ओटीपोटाच्या हाडांचे सांधे जास्त दुखतात, आणि काहींना जागेवरच्या भुलीचा असर कमी होतो.

येणाऱ्या बाळासाठी मात्र एक गोष्ट चाचणीपेक्षा शंभरपट उपयोगाची आहे. सैल सांध्यांच्या घराण्यांत जन्मतः खुब्याचा सांधा खोबणीतून सरकण्याचं प्रमाण जास्त असतं, हे १९६४ पासून माहीत आहे. जन्मल्यावर डॉक्टरांना खुबे मुद्दाम पाहायला सांगा आणि साधारण सहाव्या आठवड्यात खुब्यांची सोनोग्राफी करा. वेळेवर कळलं तर पट्ट्यांनी बरं होतं, चालायला लागल्यावर कळलं तर शस्त्रक्रिया. बाळाला दुपट्यात घट्ट गुंडाळून पाय सरळ बांधू नका. न्हाऊ घालणाऱ्या बाई पाय धरून खेचत असतील तर त्यांना प्रेमाने पण ठामपणे थांबवा. उलट कडेवर फाकलेल्या पायांनी बसवणं खुब्यांना चांगलं. आणि बाळ जरा उशिरा चाललं, रांगायच्या ऐवजी बुडावर सरकत गेलं, तर लगेच भीती नको. सैल बाळं पुष्कळदा तसंच करतात. दीड वर्षापर्यंत चाललं नाही तर दाखवा.

आता थोरलीबद्दल. सुरुवातीच्या वर्षांत अशा मुली आल्या की मी म्हणायचे, वेताच्या छडीसारखी आहे, मोठी झाली की जाईल. दुखतंय का, हे नीट विचारायचे नाही. त्यातली एक पंधराव्या वर्षी परत आली तेव्हा तिचा खांदा केस विंचरतानाही निसटत होता. ते माझ्या मनात अजून आहे. तुमची मुलगी रात्री रडते ती नाटक करत नाही. दिवसभर बंध जे काम करत नाहीत ते तिचे स्नायू करतात, आणि संध्याकाळी ते थकून दुखतात. दुखणं एकाच पायात, एकाच जागी असेल, सांधा सुजत असेल, ताप किंवा वजन कमी होत असेल, तर ते वेगळं, लगेच दाखवा.

नाच बंद करू नका. पण तिला अजून ताणण्याची गरज नाही, तिला ताकद हवी. फिजिओथेरपिस्टकडून मांडी, खुबा, पोट आणि खांद्याचे स्नायू बळकट करायचे व्यायाम शिकून घ्या, रोज १५ मिनिटं, तीन महिने तरी. सायकल आणि पोहणं उत्तम. नृत्याच्या बाईंना भेटून सांगा की अरमंडीत, म्हणजे गुडघे बाहेर वळवून अर्धं बसताना, गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेतच राहू दे आणि सरळ उभं राहताना गुडघा मागे लॉक करू देऊ नका. चांगल्या बाई लगेच समजतात. पाहुण्यांसमोर अंगठा वाकवून दाखवणं आजपासून बंद, चवथीची मोजणी सोडून. फुगडी घालू द्या, पण हात मनगटाशी धरून आणि जोडीदारीण तिच्याच वजनाची. मोठ्या मुली गरगर फिरवतात तेव्हा सगळा ताण खांद्यावर येतो, आणि मावशीचा खांदा तुम्हाला माहीत आहे. शाळेत लिहिताना बोटं दुखत असतील तर जाड पेन्सिल द्या.

कोलॅजनची पावडर घेऊ नका. पोटात गेल्यावर ती बहुतेक पचून सुटी अमिनो आम्लं होतात, आणि दोर वळण्याचा नमुना जनुकात असतो, डब्यात नाही. क जीवनसत्त्व कोलॅजन बनायला लागतं हे खरं, पण रोजच्या जेवणात पेरू-आवळा-लिंबू असेल तर आणखी गोळ्यांनी काही वाढत नाही.

एक छोटी वही करा. कोणत्या दिवशी दुखलं, आदल्या दिवशी काय केलं होतं, किती वेळात थांबलं. दोन महिन्यांची वही आणि चवथीचा तो कागद घेऊन तिच्या डॉक्टरांकडे जा. जाताना यजमानांनाही सोबत घ्या, त्यांचे अंगठेही बघायचे आहेत.